पहिल्या अल्बमआधीची पाच वर्षं

केट बुशचा ‘द किक इनसाइड’ 17 फेब्रुवारी 1978 रोजी आला तेव्हा ती 19 वर्षांची होती. तेराही गाण्यांचे शब्द तिचे, चालीही तिच्याच. त्यामुळे ही मुलगी रातोरात तारका झाली असं आजही बोललं जातं. अल्बमची कुळकथा पाहिली की हे बोलणं तिच्यावर अन्याय करणारं वाटतं.

लंडनच्या आग्नेय टोकाला, वेलिंगजवळच्या एका जुन्या फार्महाउसमध्ये ती वाढली. वडील डॉक्टर, आई आयर्लंडची, थोरल्या भावांना लोकसंगीताचं वेड. पियानोवर बसून ही पोर गाणी रचायची आणि घरातल्या टेपवर भरून ठेवायची. ती टेप रेकॉर्ड कंपन्यांकडे फिरली, पण कुणी हात लावला नाही. मग घरच्या एका स्नेह्यामार्फत ती ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिल्मोरच्या कानावर गेली. 1973 मध्ये त्याने तिला स्वतःच्या घरातल्या स्टुडिओत बोलावून काही गाणी रेकॉर्ड केली. त्यांतूनही काही निघालं नाही.

गिल्मोरचा मोठेपणा पुढे दिसतो. कच्च्या टेपवर कंपनीवाले निर्णय घेणार नाहीत, हे त्याने ओळखलं. स्वतःच्या खिशातून पैसे घालून त्याने जून 1975 मध्ये लंडनचा एअर स्टुडिओ घेतला, संयोजनाला अँड्र्यू पॉवेलला आणलं आणि तीनच गाणी नीट करून घेतली. केट तेव्हा 16 वर्षांची. त्यांतली दोन गाणी तीन वर्षांनी अल्बममध्ये जशीच्या तशी गेली.

त्यांतलं एक म्हणजे ‘द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज’. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूचं हे पाचवं गाणं. पियानो, त्याभोवती वाद्यवृंद आणि कुठेही जोर न लावणारा कोवळा आवाज. लगेच सहावं गाणं सुरू होतं, ‘वुदरिंग हाइट्स’, आणि तीच मुलगी टिपेला जाऊन एमिली ब्रॉन्टेच्या त्याच नावाच्या कादंबरीतल्या कॅथीचं भूत होऊन खिडकीबाहेरून हाका मारते. दोन गाण्यांमध्ये काही सेकंदांची शांतता आहे आणि प्रत्यक्षात दोन वर्षं. मला हा सगळ्या अल्बममधला सर्वांत बोलका क्षण वाटतो.

त्या दोन वर्षांत काय झालं? ईएमआयने तिला करारबद्ध केलं, पण स्टुडिओत ढकललं नाही. आधी मोठी होऊ दे, असं धोरण ठेवलं. हाती आलेल्या आगाऊ रकमेच्या आधारावर ती लिंडसी केम्पकडे मूकाभिनय शिकू लागली. डेव्हिड बोवीचाही तो गुरू. अंगातून गाणं कसं बाहेर येतं हे तिथे तिला उमगलं. अल्बमचं पहिलंच गाणं, ‘मूव्हिंग’, तिने त्यालाच अर्पण केलं आहे. ‘केटी बुश बँड’ घेऊन ती लंडनच्या पबांमध्येही गायली. मार्च 1977 मधल्या एका पौर्णिमेच्या रात्री तिने ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिलं. कादंबरीवरच्या टीव्ही मालिकेचा शेवट पूर्वी कधी तरी नजरेखालून गेला होता, तेवढं बीज पुरलं.

1977 च्या उन्हाळ्यात उरलेली अकरा गाणी त्याच एअर स्टुडिओत झाली. निर्माता पॉवेल. पबमधले तिचे साथीदार मागे राहिले आणि ‘पायलट’ व ‘कॉकनी रिबेल’ या बँडमधले कसलेले वादक आले. ‘वुदरिंग हाइट्स’चं गायन एका दमात झालं, तुकडे जोडावे लागले नाहीत. मध्यरात्रीच्या सुमारास मिक्सिंगला बसलेले पॉवेल आणि इंजिनिअर जॉन केली पहाटे उठले. केट तिथेच होती.

आधी कुठलं गाणं काढायचं यावरून ईएमआयशी तिचा वाद झाला. कंपनीला ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ हवं होतं, तिला ‘वुदरिंग हाइट्स’. तिने हट्ट सोडला नाही. वेष्टनावरचं छायाचित्रही तिने नाकारलं आणि रेकॉर्ड नोव्हेंबरची जानेवारीवर गेली. मार्च 1978 मध्ये ते गाणं ब्रिटनच्या यादीत अव्वल ठरलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन या जागी पोहोचलेली ती पहिली स्त्री.

यश मिळताच कंपनीची सबुरी संपली. दुसरा अल्बम ‘लायनहार्ट’ त्याच नोव्हेंबरमध्ये काढायला लावला. नवं लिहायला वेळच नव्हता, बहुतेक गाणी जुन्या साठ्यातून उचलावी लागली. त्यात चांगली गाणी आहेत, पण पहिल्या अल्बममधली मुरलेली चव नाही. केटलाही घाई खुपली. तिसऱ्या अल्बमच्या वेळी, 1980 मध्ये, तिने निर्मितीची सूत्रं हाती घेतली आणि जोडीला घेतलं त्या पहाटेच्या जॉन केलीला.