पाण्याचा दाब : खान्देशातील विहिरी आणि ठिबक

द्रव दर एकक क्षेत्रफळावर जे बल लावतो, तो त्याचा दाब. साचलेल्या पाण्यात तो खोलीनुसार वाढतो. साठा केवढा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. जळगावच्या केळीबागेत ठिबकच्या फिल्टरजवळचे गेज पाहून 'एक किलो प्रेशर आहे' असे म्हणतात. हा किलो कशाचा? एक चौरस सेंटिमीटर तळाचा आणि दहा मीटर उंचीचा पाण्याचा उभा स्तंभ घेतला, तर त्यात १,००० घनसेंटिमीटर पाणी मावते आणि ते एक किलो भरते. म्हणजे हा दर चौरस सेंटिमीटरचा किलो, सुमारे ९८ किलोपास्कल. बोलण्यात चौरस सेंटिमीटर गळून जातो आणि दाब म्हणजे पाण्याचे वजनच, हा समज पक्का होतो. मग टाकी मोठी घेतली की प्रेशर वाढेल, असे वाटू लागते. प्रत्यक्षात पाण्याची पातळी जमिनीपासून तीन मीटरवर असेल, तर टाकी ५०० लिटरची असो वा ५,००० लिटरची, नळी बंद असताना जमिनीलगत ०.३ किलोच मिळतो. मोठ्या टाकीने शेवटच्या झाडाला पाणी पोहोचते हा अनुभव खोटा नव्हे. पण तिथे पातळी लवकर उतरत नाही आणि बहुधा पाइपही रुंद असतो, त्यामुळे वाहताना घर्षणात दाब कमी खर्ची पडतो.

याहून चिवट समज म्हणजे मोटर पाणी 'ओढते'. पंप सक्शन पाइपातला दाब फक्त कमी करतो. पाणी वर ढकलते ती विहिरीवरची हवा. टॉरिचेलीने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीने हे उलगडले. हवेचा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाणी तोलतो, जळगावच्या उंचीवर त्याहून थोडे कमी. घर्षण वगैरे वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. म्हणून पाणी खाली गेले की काठावरची मोटर विहिरीत उतरवावी लागते. हॉर्सपॉवर वाढवून भागत नाही. मग सबमर्सिबल पंप शंभर मीटरवरून पाणी कसे देतो? तो पाण्यात बुडालेला असतो आणि खालून ढकलतो. ढकलण्याला हवेची मर्यादा नाही, पण हिशेब तोच : शंभर मीटरला किमान दहा किलो, आणि बोअरमधल्या पाइपाच्या सर्वांत खालच्या जोडावर आतून तेवढाच दाब.