शहाणा कुणाला म्हणावं?



जयंती जवळ आली की वस्तीत पत्रकं वाटली जातात. प्रमुख वक्ते थोर विचारवंत अमुक, आंबेडकरी विचारवंत तमुक. एका पत्रकावर पाच नावं होती आणि पाचीच्या पाची विचारवंत. मला त्या शब्दाचीच शंका आली. मी सूतगिरणीत काम करणारा माणूस. शाळा लवकर सुटली, पण शब्दांचा नाद सुटला नाही. बुद्धीच्या माणसाला आपल्याकडं काय काय म्हणत आले आणि ते नाव कुणी कुणाला दिलं, हे जरा उकरून बघू.

फार लांब जायचं काम नाही. आपल्या गोदावरीच्या काठाकाठानं चला.

वर पैठण. तिथं पंडित. धर्मसभा भरायची, प्रायश्चित्त सांगितलं जायचं, कोण शुद्ध कोण अशुद्ध याचा निकाल लागायचा. ज्ञानेश्वर आणि त्याच्या भावंडांनाही शुद्धिपत्रासाठी पैठणलाच जावं लागलं अशी कथा आहे. म्हणजे पंडित हा निकाल देणारा. त्याला उलट विचारायची सोय नाही.

तिथून खाली राक्षसभुवन. १७६३ साली इथं पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. तीत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. हा साडेतीन शहाण्यांपैकी एक. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि हा विठ्ठल सुंदर हे तीन पुरे, नाना फडणीस अर्धा. नानाच्या हातात तलवार नव्हती म्हणून अर्धा, असं सांगतात. सगळे कारभारी, सगळे एकाच वर्णाचे. अख्ख्या मुलखात शहाणे मोजले तर साडेतीन भरले, आणि त्यात नांगर धरणारा, कातडं कमावणारा, सूत कातणारा पाव हिश्श्यालाही नाही! आज हाच शब्द आमच्या वाट्याला कसा येतो बघा. हजेरीचा हिशेब विचारला की मुकादम म्हणतो, ‘लई शहाणा झालास का?’ कारभाऱ्याला जो मान, तीच आम्हाला शिवी.

आणखी खाली आपलं गंगाखेड. जनाबाईचं गाव. शूद्र घरातली पोर पंढरपूरला नामदेवाच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेणगोठा, पाणी. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. देवाला ती कामाला लावते, त्याला खडसावते, बाई असण्याचा प्रश्न उघड मांडते. एवढा विचार करणाऱ्या बाईला नाव काय मिळालं? दासी. तिनं स्वतःही तेच लावलं, कारण दुसरं कुठलं नाव तिच्यासाठी होतंच कुठं?

पुढं मराठी कवितेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तीन कप्पे केले: संत, पंत आणि तंत. मोरोपंत, वामन पंडित हे पंत. डफ-तुणतुणेवाले शाहीर ते तंत. जनाबाई, चोखामेळा संतांत. संत म्हणजे मान मोठा, कबूल आहे. पण संत म्हटलं की भक्ती मोजतात. डोकं मोजायचं काम उरत नाही.

इंग्रजानंही हा दप्तराचा धंदा चालवला. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १८८७ साली, संस्कृत पंडितांसाठी महामहोपाध्याय ही पदवी काढली. पुढच्याच वर्षी, ११ मे १८८८ ला, मुंबईत मांडवीला लोकांनी जमून जोतीरावांना महात्मा म्हटलं. ‘गुलामगिरी’ लिहून पंधरा वर्षं झाली होती. एक पदवी सरकारातून आली, दुसरी सभेतून. मला दुसरी खरी वाटते. तरी तिथंही शब्द आत्म्याचाच आला, बुद्धीचा नाही.

बुद्धिजीवी हा शब्द मला कधीच रुचला नाही. बुद्धीवर जगणारा तो बुद्धिजीवी, आणि आमचं पोट हातावर. म्हणजे हाताला बुद्धी नसते असं आधीच ठरलं. तुटलेला धागा चालत्या साच्यावर जोडून दाखवा म्हणावं एकदा.

पण या शब्दाचं इंग्रजी-फ्रेंच मूळ निराळं आहे. फ्रान्समध्ये द्रेफ्यूस नावाच्या ज्यू कप्तानाला १८९४ साली खोट्या आरोपावरून देशद्रोही ठरवलं. १८९८ च्या जानेवारीत एमिल झोला या कादंबरीकारानं राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहून लष्कराचं खोटं चव्हाट्यावर आणलं. त्याच्या बाजूनं सह्या करणाऱ्यांना विरोधक हिणवून ‘इंटेलेक्च्युअल’ म्हणू लागले. तिकडंही ती आधी शिवीच! झोलाला शिक्षा झाली, इंग्लंडला पळावं लागलं. द्रेफ्यूस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं.

आता बाबासाहेबांकडं या. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये, १९३६ साली, त्यांनी सांगितलं की हिंदुस्थानात बुद्धिमान वर्ग म्हणजे ब्राह्मण जातीचंच दुसरं नाव. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते आणखी खोल गेले. ब्राह्मणांत व्हॉल्टेअर का निपजला नाही, हा त्यांचा सवाल. ज्या चर्चमध्ये वाढला त्याच चर्चच्या मतांवर व्हॉल्टेअर उठला. बाबासाहेबांनी दोन माणसं वेगळी केली. विद्वान आपल्या वर्गाचं हित सांभाळून विचार करतो. खरा बुद्धिमंत त्या हितातून सुटलेला असतो. नुसत्या पोथ्या वाचून हा फरक मिटत नाही.

आणि त्यांनी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली कॉलेज काढलं, त्याला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. ‘मिलिंदप्रश्न’ ज्यानं वाचलंय त्याला ठाऊक आहे. राजा मिलिंद नागसेनाला म्हणतो, माझ्याशी वाद कर. नागसेन विचारतो, पंडितासारखा करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात एकाची चूक निघते, तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजा मात्र उलट बोलणाऱ्याला दंड करतो. हा पंडित पैठणचा नव्हे. बुद्धाच्या परंपरेत शब्द तोच, पण माप वागण्याचं. धम्मपदात पंडितवग्ग आहे, तिथं कुळ विचारत नाहीत.

हे माप नंतर मराठवाड्यालाच लागलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यांना कोलंबियानं १९५२ ला, उस्मानियानं १९५३ ला पदवी देऊन विद्वान मानलं होतं. इथं नुसत्या नावासाठी नांदेड-परभणीकडच्या वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! उत्तर राजासारखंच आलं.

आता आपल्या पत्रकावरचे विचारवंत. माझं म्हणणं एवढंच की भाषण झाल्यावर प्रश्नाला अर्धा तास ठेवा आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘तू कोणत्या गटाचा?’ असं विचारू नका. ज्याला हे पटणार नाही त्याच्या नावामागं ‘वक्ते’ छापा, शाई तेवढीच लागते.

आणि एक काम. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ, गंगाखेड, जिथं कुठं हा अंक जाईल तिथल्या दोस्तांनी घरच्या म्हाताऱ्या बायांना विचारावं: ज्याचं डोकं चालतं, जो चारचौघांत खरं बोलतो, अशा आपल्या माणसाला तुम्ही काय म्हणायच्या? पंडित म्हणत नसतील, विचारवंत तर नाहीच. जो शब्द निघेल तो गावाच्या नावासकट कार्डावर लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.