प्लाझ्मा संचाचा जन्म आणि त्याची दुरुस्ती

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच आता दुकानात नवा मिळत नाही. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस त्याचे उत्पादन थांबविले आणि पुढच्याच वर्षी सॅमसंग व एलजी यांनीही हात आखडता घेतला. पण घेतलेले संच काही लगेच नाहीसे होत नाहीत. घरात किंवा शाळेच्या सभागृहात असा एखादा संच बंद पडला, की तो उघडून पाहण्याचा मोह हौशी माणसाला होतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तर होतोच. हा मोह कुठवर रास्त आहे, हे समजण्यासाठी प्रथम या पडद्याच्या जन्माकडे वळू या.

हा पडदा करमणुकीसाठी शोधलेला नाही. तो वर्गासाठी शोधला गेला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1960 पासून ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकविण्याची योजना चालू होती. विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावर चित्र टिकवायचे, तर ते सेकंदातून कित्येकदा पुन्हा पुन्हा काढावे लागे. त्यासाठी लागणारी संगणकीय स्मृती तेव्हा फार महाग होती. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एवढा खर्च कोण करणार? मग पडद्यानेच चित्र लक्षात ठेवले तर? डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी 1964 साली नेमके हेच साधले.

त्यांची युक्ती वरकरणी साधी आहे. निऑनच्या दिव्यात विद्युतअग्रे वायूत उघडी असतात. या तिघांनी अग्रे आणि वायू यांच्यामध्ये काचेचा पडदा ठेवला. कप्प्यात एकदा ठिणगी पडली की विद्युतभार काचेच्या आतल्या भिंतीवर जाऊन साचतो आणि ठिणगी विझते. मग विद्युतदाबाची दिशा उलटली, की साचलेला भार नव्या दाबाला मदत करतो आणि त्याच कप्प्यात पुन्हा ठिणगी पडते. शेजारच्या न पेटलेल्या कप्प्यालाही तोच दाब मिळतो. मात्र त्याच्या भिंतीवर भार नसल्याने तो दाब अपुरा पडतो आणि कप्पा काळाच राहतो. पेटलेला पेटलेलाच राहावा आणि विझलेला विझलेलाच, हीच ती स्मृती. 1972 च्या सुमारास प्लेटोच्या विद्यार्थ्यांसमोर 512 गुणिले 512 ठिपक्यांचे नारिंगी पडदे आले.

रंग यायला आणखी वीस वर्षे लागली. जपानच्या फुजित्सू कंपनीने 1992 साली 21 इंची रंगीत पडदा बाजारात आणला. त्यात निऑन आणि झेनॉन यांचे मिश्रण असते. झेनॉनमधून अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्यातील लाल, हिरव्या वा निळ्या प्रस्फुरक द्रव्यावर पडून रंग दिसतो. थोडक्यात, ट्यूबलाइटचेच हे लहान भावंड. 1024 गुणिले 768 ठिपक्यांच्या पडद्यात अशी 23 लाख 59 हजारांवर भावंडे दाटीने बसलेली असतात!

या स्मृतीची किंमत मात्र मोजावी लागते. काचेआडच्या अग्रांना सेकंदाला हजारो वेळा, सुमारे 200 व्होल्टने, भारित आणि रिकामे करावे लागते. म्हणून संचाच्या पाठीत भारी वीजपुरवठा आणि मोठाले कपॅसिटर असतात. दुरुस्तीला येणारे बरेचसे संच इथेच आजारी पडतात. लाल दिवा लागतो, आतला रिले ‘टक्’ करतो आणि संच पुन्हा बंद होतो. मागचे झाकण काढले तर एखाद्या कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसतो. त्यातला द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

आता बीड जिल्ह्याचा विचार करा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. परळीला 1971 पासून औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी जिल्ह्याने भारनियमनाची वर्षे काढलीच. फेब्रुवारी 2013 मध्ये तर पाण्याअभावी खुद्द ते केंद्रच बंद ठेवावे लागले. वीज जाणे एकवेळ परवडते, पण ती परत येताना दाबाचा जो हेलकावा बसतो तो अशा संचांना जास्त बाधतो. म्हणून वीज गेली की बटण बंद करावे आणि ती आल्यावर थोडे थांबून मगच चालू करावे, हा घरोघरीचा शहाणपणा चुकीचा नव्हता.

फुगलेला कपॅसिटर बदलता येतो. नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि 105 अंश लिहिलेला घ्यावा. वीजपुरवठ्याची पट्टी बदलली, तर पडद्याच्या पाठीवर चिकटविलेली चिठ्ठी वाचायला विसरू नये. प्रत्येक पडद्याला किती व्होल्ट लागतात ते तिच्यावर दिलेले असते आणि नवी पट्टी त्या आकड्यांवर जुळवून घ्यावी लागते. याउलट पडद्यावर वरपासून खालपर्यंत एखादी उभी रेघ कायमची आली असेल, तर दोष बहुधा काचेला चिकटलेल्या फितीत असतो. तो घरी सुधारत नाही. तडा गेलेल्या काचेचे तर नावच नको.

एक हिशेब विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. 200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 390 व्होल्टपर्यंत भरला, तर त्यात किती ऊर्जा असते? ½CV² या सूत्राने उत्तर सुमारे 15 ज्यूल येते, म्हणजे एक किलोचे वजन दीड मीटरवरून पडताना मिळते तेवढी. ती शरीरातून क्षणात जाते. प्लग काढला म्हणजे धोका टळला, हा समज जीवघेणा आहे. जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली, मल्टिमीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करून मगच आत हात घालावा. पोक्त कारागीर त्या वेळी एक हात खिशात ठेवतो तो ऐटीसाठी नव्हे. दोन्ही हात संचाला लागले तर विजेची वाट छातीतून जाते. हे सारे शक्य नसेल तर झाकण न काढणेच बरे, असे आम्हांला वाटते. भौतिकशास्त्राचा तास त्या हिशेबावरही रंगतो.

उत्पादन थांबल्याने सुटे भाग आता मृत संचांमधूनच मिळतात. काच फुटलेल्या संचाच्या पट्ट्या दुसऱ्या संचाला जीवदान देतात, म्हणून असा संच भंगारात फेकण्याआधी कारागिराला दाखवावा. उरलेली काच मात्र अंगणात फोडू नये. जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, आणि त्याच्या विल्हेवाटीला 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम बंधनकारक आहेत.