बैडालव्रत

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक' म्हटले आहे, म्हणजे मांजरासारखे व्रत करणारा. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेच्या काठी हात वर करून तप करणारा एक बोका आहे. उंदीर त्याच्यावर विश्वास टाकतात आणि रोज थोडेथोडे कमी होत जातात. दुर्योधनाने ही गोष्ट उलूकाच्या तोंडून धर्मराजाला ऐकवली, यातच तिचा रोख कळतो. महाबलिपुरमला सातव्या शतकातल्या त्या अवाढव्य शिल्पपटातही (तो गंगावतरणाचा की अर्जुनाच्या तपाचा, हा पंडितांचा वाद अजून चालूच आहे) एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून तप करीत आहे आणि आसपास उंदीर जमले आहेत. आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा मुले हत्ती सोडून तिथेच रेंगाळली होती.

इतिहासाचा शिक्षक म्हणून ही तिन्ही उदाहरणे मी वर्षानुवर्षे वर्गात रंगवून सांगितली. परंतु २०१४ पासून सहा वर्षे एक मांजर माझ्या कचेरीत राहिले आणि पूर्वजांच्या या निवाड्याविषयी मला शंका येऊ लागली.

मांजर शाळेत आले ते तांदळामुळे. दुपारच्या जेवणाची पोती शाळेत येऊ लागली आणि त्यांच्यामागून उंदीर आले. पोती संपली की उंदरांचा मोर्चा कचेरीतल्या कपाटाकडे वळे. तिथे आमची जनरल रजिस्टरे आहेत. जुन्या बाइंडरांनी ती पिठाच्या खळीने चिकटवलेली; उंदराच्या दृष्टीने तोही एक खाऊच. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ वडिलांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा मागायला आले. नोंद १९४१ ची, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हाची. रजिस्टर काढले. नाव होते, गाव होते, पण जन्मतारखेचा आणि जातीचा रकाना कुरतडून गेला होता. कडेला भोके आणि खाली लेंड्या. गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्हीच अंदाजाने लिहा की." मी लिहू शकलो नाही. ते काही बोलले नाहीत, टोपी घातली आणि गेले. आमच्या सीमाभागात जुन्या शाळेचा कागद म्हणजे काय चीज असते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. जमिनीपासून जातीच्या दाखल्यापर्यंत आणि आपण इथलेच हे सांगण्यापर्यंत सगळे त्या एका ओळीवर तोललेले असते.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी पिशवीतून एक पिल्लू आणले. मामा घरी कानडी बोलणारे. "सर, बेक्कु आणलंय. औषध नको, पोरं फिरतात," एवढेच म्हणाले. त्यांना माहीत नव्हते, पण माणसाच्या इतिहासातला एक फार जुना करार ते नव्याने करीत होते.

हा करार किती जुना, याचा अंदाज २००४ साली आला. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस या ठिकाणी ज्याँ-देनी व्हिन्य या फ्रेंच संशोधकाला व त्याच्या सहकाऱ्यांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांच्या मांजराचा सांगाडा होता. सायप्रसमध्ये मूळची रानमांजरे नव्हती. तेव्हा ते कोणीतरी होडीतून नेले असले पाहिजे. पुढे २००७ मध्ये जनुकांच्या तपासणीतून दिसले की जगभरच्या पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेकडच्या रानमांजरांत आहे. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले, उंदरांना मांजर आले. कुत्र्याला आपण बोलावले, गायीला बांधले. मांजर आपल्या कामासाठी आपण होऊन आले आणि आपल्या अटींवर राहिले. त्याला हाक मारली तर ते कान हलवते पण उठत नाही, याचे कारण मला तरी इथेच दिसते.

आपल्याकडचा पुरावाही मोठा गमतीचा आहे. सिंधमधल्या चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केले, त्यात एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून मांजर धावत गेले आणि त्याच्यामागून कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे विटेत भाजून निघाले. हडप्पा लिपी अजून वाचता आलेली नाही, पण ही वीट कोणालाही वाचता येते.

इजिप्तबद्दल फार लिहीत नाही, ते सर्वांना ठाऊक असते. घरातले मांजर मेले की माणसे भुवया भादरत, असे हिरोडोटसने लिहिले आहे. चुकून मांजर मारणाऱ्या एका रोमन माणसाला जमावाने ठार केले, राजाची माणसेही त्याला वाचवू शकली नाहीत, हे डायोडोरसने पाहिलेले. आणि त्याच देशातल्या मांजरांच्या ममी, सुमारे १९ टन, १८९० साली जहाजाने लिव्हरपूलला गेल्या आणि शेतात खत म्हणून विकल्या गेल्या. संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात सांगतात. देवत्वाचा भाव टनावर निघाला.

एक कबुलीही देऊन टाकतो. मध्ययुगीन युरोपात चेटकिणींच्या संशयाने मांजरे मारली, म्हणून उंदीर वाढले आणि म्हणून १३४७ नंतरचा काळा मृत्यू पसरला, असे मी बरीच वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवत होतो. पोप नववा ग्रेगरी याच्या १२३३ च्या आज्ञापत्रात काळ्या मांजराचा उल्लेख आहे खरा. पण त्यावरून खंडभर मांजरांची कत्तल झाली, याला धड पुरावा नाही. ज्या मुलांना मी ते शिकवले ती आता चाळिशीला आली. त्यांनी हा अंक वाचला तर दुरुस्ती करून घ्यावी.

प्लेग आणि मांजर यांचा खरा संबंध आपल्या मुलखात आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या दोनेक वर्षांत तो बेळगाव-धारवाडकडे पसरला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदरावरच्या पिसवांचा धागा पकडला. तो शास्त्रज्ञांना पटायला आणखी काही वर्षे गेली, पण घरात 'उंदीर पडला' की घर सोडायचे, हे आपल्या बायाबापड्यांना त्याआधीच कळले होते. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने बारा लाखांहून अधिक माणसे नेली. दुसऱ्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टराने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजरांची बाजू मांडली. वऱ्हाडातल्या खेड्यांकडे पाहून त्याचे म्हणणे असे की, जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, म्हणून लोकांनी मांजरे पाळावीत. साधा, बिनखर्चाचा उपाय. अर्थात मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. म्हणजे ब्युकॅनन अर्धाच बरोबर होता. तरी सरकारी तपासण्या आणि सक्तीच्या छावण्यांच्या त्या दिवसांत लोकांच्या घरात आधीच असलेल्या गोष्टीकडे पाहणारा साहेब म्हणून मला तो आवडतो.

आमच्या घरची प्लेगाची गोष्ट आजीने सांगितलेली, तिला तिच्या सासूने. उंदीर पडला तेव्हा घर बंद करून सगळे माळावर झोपड्यांत गेले. घरात एक भाटी होती. पणजीने तिला टोपलीत घातले होते. पणजोबांनी टोपली काढून घेतली, मांजर घरात सोडले आणि बाहेरून कडी घातली. उंदीर खाणारे जनावर पोरांत नको, एवढेच कारण. आजच्या शास्त्राने पाहिले तर ते चुकले असेही म्हणता येत नाही. चार महिन्यांनी दार उघडले. आत काय दिसले ते पणजीने कधी सांगितले नाही. पुढे आमच्या घरात दोन पिढ्या मांजर नव्हते, आणि दारात एखादे आले तर आजी त्याला दूधभात घालायची पण उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

तर आमच्या कचेरीतली मनी. संस्कृतात मार्जार शब्द 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणे या धातूवरून आला आणि त्यातून आपले मांजर. नाव देणाऱ्याने नीट निरखले होते. मनीचा निम्मा दिवस अंग चाटण्यात जाई. पंधरा ऑगस्टचे पेढे तिने हुंगून सोडले. मांजराला गोड चवच कळत नाही, हे २००५ मध्ये सिद्ध झाले आहे. हजेरीपट उघडला की नेमकी त्यावर बसे. रिकामा खडूचा खोका दिसला की त्यात अंग कोंबे. मारलेला उंदीर ती माझ्या खुर्चीखाली आणून ठेवी आणि मी उचलेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राही. एकदा तिने कपाटातच पिल्ले घातली आणि १९५२ च्या रजिस्टराची दोन पाने नासली, तेही नोंदवायला हवे. बाकी सहा वर्षांत एक पान कुरतडले गेले नाही. कपाटाच्या फटीसमोर ती तास तास बसे, डोळे अर्धे मिटून, शेपटीचे टोकही न हलवता. याला पूर्वजांनी ढोंग म्हटले. पण ढोंग करायला कोणाला तरी काही वचन दिलेले असावे लागते. मनीने उंदरांना कुठलेच वचन दिले नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शेवटच्या दिवशी धावपळ होती. मामा दुपारच्या एस्टीने गावी गेले. कचेरीच्या खिडक्या मी स्वतः लावल्या, दाराला कुलूप घातले, दोनदा ओढून पाहिले. मनी कपाटावर आहे का, हे पाहिले नाही. पाचव्या रात्री जेवताना ताटात भात वाढला आणि घास हातातच राहिला. मी प्लेगाची गोष्ट सांगणारा माणूस.

तोवर देशभर टाळेबंदी लागली होती. सकाळी तोंडाला रुमाल बांधून चालत निघालो. चौकात पोलिसाने अडवले. शाळेचे कागद पाहायचे आहेत, असे सांगितले; मांजराचे सांगायचा धीर झाला नाही. कुलूप काढले. पाण्याचा माठ फुटला होता, त्याच्या तळातल्या खापरीत घोटभर पाणी होते. मनी कपाटावर होती, रजिस्टरांवर. तिने मला पाहिले, उतरली, माझ्या पायाशी आली नाही. दारातून बाहेर गेली आणि व्हरांड्यात माझ्याकडे पाठ करून बसली. तासाभराने हातात आली. हाडे लागत होती. तिला शबनममध्ये घालून घरी आणले. सौभाग्यवती उंबऱ्यात उभी होती. काही न बोलता बाजूला झाली.

मनी अजून आमच्याकडेच आहे, आता म्हातारी झाली आहे. कचेरीत मात्र ती परत गेली नाही. कितीतरी महिन्यांनी शाळेचे व्यवहार सुरू झाले तेव्हा मी कपाट उघडले. १९३८ ते १९४४ ची रजिस्टरे खालच्या बाजूने पोखरली होती. १९४१ मधले ते पान आता नावापर्यंत गेले होते. त्या गृहस्थांचा अर्ज फाइलला लावलेला आहे.