पाण्यावरचे कटर : घरकामासाठी फरशी कापण्याच्या यंत्राची निवड

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जुन्या घरांची जमीन उकरली तर तिचे थर लागतात. खाली शेणाने सारवलेली माती, तिच्यावर कोबा, मग शहाबादी फरशी, शहरातल्या घरांत मोझॅक, आणि आता सगळीकडे मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स. शहाबादीपर्यंत कापण्याचा प्रश्न छिन्नी-हातोड्यावर सुटत होता, कारण शहाबादी हा चुनखडीचा थराथरांचा दगड आहे. व्हिट्रिफाइड टाइल छिन्नीला दाद देत नाही, कुठेही तडकते. म्हणून विजेवरचे कटर आले. अकोले ते जामखेड, कुठेही घराचे काम चालू असले की अंगणात हातातले चार इंची मार्बल कटर ओरडत असते, त्याच्याभोवती पांढरा ढग असतो, आणि फार तर एखादा मदतनीस झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने कापावर पाणी सोडत असतो.

घर नव्याने करताना यंत्र विकत किंवा भाड्याने घ्यायचे ठरले की दुकानात पहिला प्रश्न वॅटचा होतो, दुसरा किमतीचा. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. पाणी कापापर्यंत कसे पोहोचते, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. मोटर, पाते, टेबल यांचा विचार त्यानंतर.

पाण्याची कामे तीन. ते पाते थंड ठेवते, कापातला चुरा वाहून नेते आणि धूळ उडू देत नाही. यांतले तिसरे काम माणसाच्या जिवाशी जोडलेले आहे. व्हिट्रिफाइड टाइल चिकणमाती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांच्या मिश्रणातून भाजली जाते, आणि भट्टीनंतरही तिच्यात क्वार्ट्झ शिल्लक राहते. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तिचे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातल्या केसांना अडवता येत नाहीत, आणि फुप्फुसात बसले की परत निघत नाहीत. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि त्यावर उतारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासावाटे जाणारी स्फटिक सिलिका मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत नोंदवली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, पण तो कायदा कारखान्याच्या दारापर्यंतचाच होता. पाथर्डीतल्या एखाद्या घराच्या अंगणात बसून स्कर्टिंग कापणाऱ्या मुलाची दखल त्यात कोण घेणार होते? ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झ दगडावरच बंदी घातली. आपल्या नव्या घरांतही असे ओटे बसू लागले आहेत, म्हणून ही बातमी आपल्यापासून दूरची नाही.

इथे दगडादगडांतला फरक ओळखायला हवा. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड; त्यांत मोकळी सिलिका तुलनेने कमी. जिल्ह्याचा स्वतःचा काळा दगड बेसॉल्ट, त्यातही क्वार्ट्झ फारच थोडे. ग्रॅनाइटमध्ये मात्र ते भरपूर असते. म्हणजे जुन्या वाड्याच्या फरशीची धूळ आणि नव्या ओट्याची धूळ दिसायला एकसारखी असली तरी धोका एकसारखा नाही. हे कळूनही शहाबादी कोरडी कापावी असे मी म्हणणार नाही, कारण अंगणात बसलेला माणूस सकाळी शहाबादी आणि दुपारी ग्रॅनाइट कापतो. नाकावर बांधलेला गमछा या कणांना अडवत नाही. पाण्यावर कापतानाही एन-९५ दर्जाचा मास्क हवा.

आता यंत्राकडे येऊ. हातातल्या मार्बल कटरचे पाते साधारण ११० मिलिमीटरचे आणि वेग मिनिटाला १३,००० फेऱ्यांच्या आसपास. पात्याचा परीघ सुमारे ३४५ मिलिमीटर, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या घरात जातो. टेबलाच्या लहान यंत्राचे पाते बहुधा १८० मिलिमीटरचे असते, पण त्याची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर ३,००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात २,९०० च्या आसपास फिरते. तिथे कडेचा वेग २७-२८ मीटर होतो. ग्राहकाला वाटते, फेऱ्या जास्त तर यंत्र चांगले. ग्रॅनाइटसारखा कठीण दगड हिऱ्याच्या पात्याने कापण्यासाठी मात्र सेकंदाला २५ ते ३५ मीटर हा वेग योग्य मानला जातो. संथ पात्यावर पाणी टिकते, वेगवान पाते ते भिरकावून देते. काप सावकाश होतो हे खरे, पण किनार स्वच्छ येते, टवके कमी उडतात आणि कानांवरचा मारही कमी होतो.

हातातल्या यंत्राची मोटर कार्बन ब्रशची असते आणि थंड राहण्यासाठी बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि चिखलाचा फवाराही आत जातो. काही मार्बल कटरना पाण्याची नळी जोडायची सोय असते. घेताना ती असलेलेच घ्यावे. तरीही ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, जुन्या घरातल्या अर्थिंगचा पत्ता नसलेल्या प्लगवर ते चालवणे मला मान्य नाही. यंत्र कोणतेही असो, त्याच्या आधी गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. झटका बसलेल्या माणसाला वाचवायला ती पुरत नाही.

विजेचा दुसरा प्रश्न दाबाचा. शेतीपंप चालू असताना खेड्यापाड्यांत दाब उतरतो, हे नगरकरांना सांगायला नको. इंडक्शन मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. मग पाते अडखळते, माणूस टाइल जास्त रेटतो, मोटर तापते. अशा गावी वॅट थोडे चढे असलेले यंत्र घेण्यात अर्थ आहे. वॅटला मी दिलेले महत्त्व इतकेच. एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर चढ्या वॅटचाही उपयोग नाही; अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी.

पाण्याबद्दल आपल्या भागात एक हरकत हमखास येते. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पारनेर-कर्जतकडच्या गावांत फरशी कापायला पाणी कुठून आणायचे? हरकत रास्त आहे आणि तिचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. हातकटरवर मिनिटाला अर्धा लिटर पाणी सोडले तरी तासाला ३० लिटर वाहून जाते. टेबलाच्या यंत्रात काही लिटर पाणी ट्रेमध्ये राहते आणि तेच फिरत राहते. कोरडवाहू तालुक्यांसाठी म्हणून टेबलाचेच यंत्र योग्य. त्यातही दोन प्रकार आहेत. स्वस्तात पाते खालून ट्रेमध्ये बुडते आणि फिरताना पाणी वर घेऊन येते. पाण्याची पातळी थोडी उतरली की पाते कोरडे चालते आणि ते चटकन लक्षातही येत नाही. दुसऱ्यात छोटा पंप पात्यावर वरून पाणी सोडतो. परवडत असेल तर दुसराच घ्यावा, पण बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर काम संपल्यावर पंप आणि नळी गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर क्षार आत बसतात.

मोठे यंत्र घेण्याआधी एक हिशेब करून पाहावा. साडेदहा बाय साडेबारा फुटांच्या खोलीत दोन बाय दोनच्या टाइल्स बसवल्या तर दोन भिंतींच्या कडेने कापलेल्या टाइल्स लागतात, म्हणजे साधारण २३ फूट सरळ काप. हे सगळे काप दांड्याच्या कटरने, टाइलवर रेघ ओढून आणि दाबून तोडता येतात. त्याला ना वीज लागते, ना पाणी, आणि धूळ जवळजवळ नाहीच. यंत्राची खरी गरज उरते ती दाराच्या चौकटीजवळच्या एल आकाराच्या कापाला, न्हाणीतल्या जाळीभोवती, अगदी बारीक पट्ट्यांना आणि ४५ अंशांच्या कडांना. एका घरासाठी म्हणूनच माझी पसंती चांगले दांड्याचे कटर आणि लहान टेबलाचे पाण्यावरचे यंत्र या जोडीला आहे. दोन बाय चारच्या लांब टाइल्स घरभर घालायच्या असतील तर सरकत्या रुळाचे मोठे यंत्र भाड्याने आणावे.

४५ अंशांच्या कापात खोलीचा हिशेब बदलतो. १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट तिरका कापताना पात्याला साडेपंचवीस मिलिमीटर अंतर तोडावे लागते. टेबल कलते केल्यावर किती खोल काप मिळतो हा आकडा विचारून घ्यावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो सरळ कापाचा. दुकानातच गुण्या लावून टेबल आणि पाते काटकोनात आहेत का, कडेची पट्टी पात्याला समांतर घट्ट बसते का, हे पाहावे. प्लग काढून पाते हाताने फिरवावे आणि कडेशी पेन्सिल धरावी; पाते डुलत असेल तर ते लगेच दिसते. ब्रश, पाते, पंप यांचे सुटे भाग नगरच्या बाजारात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात, हेही आधीच विचारावे.

पात्याबद्दल एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. हिऱ्याचे कण धातूच्या भुकटीत बसवलेले असतात, आणि तो धातू झिजला तरच नवे कण उघडे पडतात. कठीण टाइलसाठी मऊ धातूचे पाते लागते, मऊ आणि खरखरीत मालासाठी कठीण धातूचे. सगळ्यावर एकच पाते चालवले तर ग्रॅनाइटवर ते गुळगुळीत होते आणि कापण्याऐवजी घासत बसते. तेव्हा ते फेकू नये. विटेत किंवा खरखरीत दगडात पाण्यावर दोन-चार काप घेतले की नवे कण वर येतात. टाइलसाठी कड अखंड असलेले पाते घ्यावे. खाचा असलेले पाते टवके उडवते. टेबलाच्या यंत्रावर टाइलची चकाकती बाजू वर ठेवावी.

मिस्त्रीची मजुरी चौरस फुटावर ठरते, त्यामुळे संथ यंत्र त्याला नको असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कापकाम पाण्यावर होईल आणि त्यासाठी दर थोडा वाढवून दिला जाईल, हे घरमालकाने काम ठरवतानाच बोलून घ्यावे.

शेवटी उरतो ट्रेमधला गाळ. तो मोरीत ओतला तर नळ तुंबतो, शोषखड्ड्यात ओतला तर खड्ड्याची भोके बुजतात आणि पावसाळ्यात सांडपाणी वर येते. बादलीत रात्रभर ठेवून वरचे निवळ पाणी पुन्हा यंत्रात घालावे. खालचा गाळ ओला असतानाच पोत्यात भरून भरावात टाकावा, कारण वाळला की तो पुन्हा तीच धूळ होतो.