हृदयाच्या शिरांचा नकाशा: लायडन ते लायडन

हृदयविकाराचा विषय निघाला की चर्चा धमन्यांचीच होते. ब्लॉकेज, अँजिओग्राफी, बायपास हे सारे शब्द त्यांच्याशीच जोडलेले. हृदयाच्या स्नायूतले रक्त परत आणणाऱ्या शिरा मात्र उपेक्षितच राहिल्या. त्यांची मांडणी माणसागणिक इतकी बदलते की कोणताही एक नकाशा सर्वांना लागू पडत नाही. आजचा थ्रेड या शिरांविषयी.

१७०८. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात आदाम थेबेसियस या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने (म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्याच वयाच्या!) हृदयातील रक्ताभिसरणावर प्रबंध सादर केला. हृदयाच्या बहुतेक शिरा ‘कोरोनरी सायनस’ या रुंद वाहिनीत मिळतात आणि ती उजव्या वरच्या कप्प्यात उघडते. तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेला आजही थेबेसियसचे नाव आहे. कुणात ही झडप पातळ पडद्यासारखी असते, कुणात तोंड जवळजवळ झाकून टाकते, तर कुणात मुळीच नसते.

असे भेद का पडतात? माझ्या मते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल १८५० साली लंडनच्या जॉन मार्शलने टाकले. गर्भावस्थेत हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दोन्ही बाजूंना असतात. पुढे डावीकडची बहुधा आक्रसते आणि मागे एक घडी व एक बारीक शीर उरते, हे त्याने दाखवले. काही थोड्या माणसांत ती मोठी शीर जन्मभर टिकते आणि कोरोनरी सायनसमध्ये उघडते. ज्याला निसर्गाची चूक म्हणावे, तो वाढीचा अर्धवट राहिलेला टप्पा ठरला.

हे सारे ज्ञान मृतदेहांवरून मिळालेले होते. १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. जिवंत हृदयाची वाट उघडली; १९५६ मध्ये त्याला नोबेलही मिळाले. तरीही पुढची कित्येक दशके लक्ष मुख्यतः धमन्यांकडेच राहिले.

शिरांची गरज भासली ती १९९० च्या दशकात. दुबळ्या हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एका तालात आकुंचन पावावेत म्हणून पेसमेकरची एक तार डाव्या बाजूलाही बसवावी लागे. त्यासाठी आरंभी छाती उघडत. १९९८ मध्ये फ्रान्समधील दोबेर व सहकाऱ्यांनी तीच तार कोरोनरी सायनसमार्गे डाव्या बाजूच्या शिरेत नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता थेबेसियसची झडप खरोखरच दाराची अडसर झाली! शिरा पाहण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळीच फुग्याने सायनस बंद करून रंगद्रव्य प्रवाहाच्या उलट दिशेने सोडावे लागे.

आणि पुन्हा लायडन. २००५-०६ मध्ये तेथील संशोधकांनी सीटी स्कॅनने या शिरा बाहेरूनच टिपल्या. १०० जणांच्या पाहणीत डाव्या कडेची शीर निरोगी गटातील ७१ टक्क्यांत दिसली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत अवघ्या २७ टक्क्यांत. तार बसवण्याची गरज ज्यांना पडू शकते, त्यांच्यातच वाट नाहीशी! स्कॅनमध्ये शीर आढळली नाही, तर तार हृदयाच्या बाहेरून बसवायची का, हे डॉक्टर आधीच ठरवू शकतात.