मॅनहॅटनच्या बदल्यात दिलेलं बेट? जरा थांबा!

आजचा भाग बांदा बेटांवर. सावंतवाडीजवळचं आपलं बांदा नव्हे हं. हे बांदा इंडोनेशियाच्या पूर्वेकडचं. समुद्रात चिमुकल्या बेटांचा एक पुंजका, नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा झाकला जाईल असा.

मागच्या वर्षी एका छोट्या प्रवासी जहाजातून मी तिथे गेलो. बांदा नैरा बेटावर सकाळी उतरायचं आणि दुपारी चारपर्यंत परत जहाजावर, एवढाच थांबा. उतरायच्या आधीच गाईडने हुकमी किस्सा सांगितला: समोरचं रुन नावाचं बेट, जेमतेम तीन किलोमीटर लांब, इंग्रजांनी डचांना दिलं आणि बदल्यात मॅनहॅटन घेतलं, म्हणजे आजचं न्यूयॉर्क! सगळे हसले, फोटो काढले. रील्सवर तुम्हीही हे ऐकलं असेल.

किस्सा अर्धाच खरा आहे. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरलं ते एवढंच, की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहील. इंग्रजांनी मॅनहॅटन १६६४ मध्येच घेतलं होतं आणि रुनवर डचांचा कब्जा होता. समोरासमोर बसून अदलाबदल केली, असं काही झालं नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. या किश्शात इंग्रज आहेत, डच आहेत, न्यूयॉर्कसुद्धा आहे. बांदाची माणसं कुठेत? त्यांचा निकाल तहाच्या ४६ वर्षं आधीच लागला होता.

आता सगळं भांडण कशावरून, ते बघा. तुमच्या श्रीखंडात, पुरणात किसून घालतात ते जायफळ. झाडावर ते जर्दाळूएवढं पिवळं फळ असतं. पिकलं की उकलतं, आत गडद तपकिरी बी आणि तिच्यावर लालभडक जाळी. जाळी म्हणजे जायपत्री, बी फोडली की जायफळ. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ या मूठभर बेटांवरून यायचं.

बांदाला राजा नव्हता. गावोगावचे प्रमुख, त्यांना ओरांग काया म्हणत, ते कारभार बघायचे. पक्के व्यापारी लोक. जावा, मलाया, अरबस्तानातली गलबतं यायची. बेटावर भात पिकत नाही, म्हणून जायफळ द्यायचं आणि तांदूळ घ्यायचा, हिंदुस्थानातलं सुती कापड घ्यायचं. १६०२ मध्ये स्थापन झालेली डच कंपनी आली आणि म्हणाली, माल फक्त आम्हाला विका, आम्ही सांगू त्या भावाने. त्या उकाड्यात विकायला त्यांनी आणलं काय, तर लोकरीचं कापड! प्रमुखांपैकी काहींनी करारावर सह्या केल्या, पण जुनी गिऱ्हाइकं कोण तोडणार? व्यापार चालूच राहिला. १६०९ मध्ये वाटाघाटीच्या वेळी बांदाच्या लोकांनी डच ॲडमिरल व्हरहूफ आणि त्याच्या कित्येक माणसांना मारलं. त्याच ताफ्यातून आला होता एक तरुण व्यापारी, यान पीटरसून कून.

हा कून पुढे गव्हर्नर जनरल झाला आणि १६२१ मध्ये सुमारे १,६०० सैनिक घेऊन बांदावर आला. सोबत भाडोत्री जपानी सामुराईही होते. लोंथोर हे मुख्य बेट पडलं. गावं जाळली, माणसं डोंगरात पळाली, तिथे उपासमारीने मेली. कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. सुमारे ८०० जणांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गुलाम म्हणून नेलं. ८ मे १६२१ रोजी नासाऊ किल्ल्यापाशी ४४ ओरांग कायांची त्या जपानी तलवारींनी मुंडकी उडवली. आधी बेटांवर १५ हजारांच्या आसपास वस्ती असावी, असा अंदाज आहे. उरले हजारभर.

मग रिकाम्या जमिनीचे ६८ तुकडे पाडून ते डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला गुलाम आणले, त्यात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचेही होते. बी दुसरीकडे रुजू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून पाठवायचे. (हीच ती कंपनी, जिची पडकी वखार आपल्या वेंगुर्ल्यात आहे.) पुढे बेटं काही वर्षं इंग्रजांकडे गेली, त्यांनी रोपं पेनांग, श्रीलंकेकडे नेली आणि मक्तेदारी संपली. आज कोकणात नारळाच्या बागेतही जायफळ पिकतं. कूनच्या गावी, होर्नला, त्याचा पुतळा १८९३ पासून उभा आहे. आता त्याखाली टीकेची पाटीही आहे, तेवढं बरं.

आमच्या ठरलेल्या फेरीत पंचकोनी बेल्जिका किल्ला होता, जायफळाचा मुरंबा होता, आणि हट्टा-शहरीर जिथे १९३६ पासून नजरकैदेत होते ती घरं होती. पारिगी रांते मात्र नव्हतं. पारिगी रांते म्हणजे साखळीची विहीर, १६२१ च्या त्या प्रमुखांचं स्मारक. मी विचारत विचारत गेलो. लहानसं आवार, दगडावर कोरलेली नावं. भात्या म्हणून शाळकरी पोरं बाहेर फुटबॉल खेळत होती. नावं मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, उच्चार जमेनात. एक मुलगा आत आला आणि त्याने तीन-चार नावं वाचून दाखवली.

त्यालाही ती भाषा येत नव्हती. बांदावर आज मलयची बोली चालते. तिथली वस्ती नंतर आणलेल्या माणसांची, वाचलेल्या थोड्यांशी मिसळून झालेली. मूळ बांदाची भाषा बांदावर कुणी बोलत नाही.

पण ती मेलेली नाही. १६२१ मध्ये काही लोक होड्यांतून पूर्वेला निसटले आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या केई बेसार बेटावर उतरले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात अशी दोन गावं आहेत. गावांच्या नावांतच बांदा. त्या गावांत ती भाषा आजही बोलली जाते, आणि त्यांच्या गाण्यांत अजून बांदाहून निघालेल्या होड्यांचा प्रवास येतो.